क्लच एका गाडीचा, गाडी दुसरी

स्पोर्ट्‌स कारचा क्लच महाग पडतो, पण त्यातल्या पोलादाचा आणि लायनिंगचा त्या किमतीत वाटा थोडा असतो. मोठा वाटा खोक्यावरच्या नावाचा आणि माल दुर्मिळ असण्याचा. थोड्या संख्येने गाड्या बनवणारी कंपनी सहसा स्वतःचा क्लच घडवत नाही. ती मोठ्या कंपनीचे इंजिन घेते, बरेचदा गिअरबॉक्सही घेते, आणि दोहोंच्या मध्ये बसणारा क्लच त्यांच्याबरोबरच येतो. ब्रिटनच्या लोटस कंपनीने २००४ मध्ये एलिस १११आर बाजारात आणली, तेव्हा तिच्यात टोयोटाचे १७९६ सीसीचे इंजिन आणि टोयोटाचाच सहा गिअरचा गिअरबॉक्स होता. हीच जोडी टोयोटाच्या सेलिकात होती आणि युरोपात विकल्या गेलेल्या वेगवान कोरोलातही होती. त्यामुळे एलिसचा क्लच संपला की जाणकार मालक सेलिकाचा क्लच मागवतात.

भारतातही हेच घडले. डीसी डिझाइनने २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये दाखवलेली अवंती ही दोन दारांची स्पोर्ट्‌स कार रेनॉच्या दोन लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनावर चालते. त्याआधीच्या दोन आसनी सॅन स्टॉर्ममध्ये रेनॉचेच ११४९ सीसीचे छोटे इंजिन होते. जुन्या काळातले उदाहरण एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचे. तिच्या पहिल्या आवृत्तीचे १४८९ सीसीचे इंजिन ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातले इंजिन भारतात अँबेसेडरच्या बॉनेटखाली वर्षानुवर्षे चालले. अशा गाडीचे भाग शोधताना गाडीचे नाव बाजूला ठेवून तिचे कूळ आधी विचारावे लागते.

यातले सर्वांत जवळचे उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातले. तिथल्या रांजणगाव गणपतीच्या औद्योगिक वसाहतीत फियाटचा कारखाना आहे. लिनिया आणि पुंटो तिथे बनल्या आणि २०१५ मध्ये पुंटोची वेगवान आवृत्ती अबार्थ पुंटोही तिथूनच बाहेर पडली. बाहेरून ती साधी हॅचबॅक दिसते. आत मात्र १३६८ सीसीचे टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती आणि २१२ न्यूटन-मीटर टॉर्क आहे. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ८.८ सेकंदांत गाठता येतो, असे कंपनी सांगत असे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम लागू झाले, आणि त्या सुमाराला फियाटच्या नावाच्या गाड्या भारतीय बाजारातून गेल्या. गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या. ज्या गाडीची विक्री थांबली आहे, जी मुळातच थोडी विकली गेली, तिचा क्लच शोधणाऱ्याला दुसऱ्या मॉडेलच्या कपाटात हात घालावाच लागतो.

तो हात नेमका कुठे घालायचा हे कळण्यासाठी क्लचची रचना नीट पाहावी लागते. इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चक्र बोल्टांनी आवळलेले असते. त्यावर प्रेशर प्लेटचे झाकण बोल्टांनीच बसते. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या मध्ये क्लच प्लेट चिमटलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचे लायनिंग असते आणि मधोमध दाते पाडलेली नळी असते. त्या दात्यांत गिअरबॉक्सचा शाफ्ट शिरतो. पॅडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते आणि प्रेशर प्लेटमधल्या डायफ्रॅम स्प्रिंगची बोटे दाबते. चिमटा सैल होतो, प्लेट मोकळी फिरते आणि गिअर बदलता येतो. पॅडल सोडले की चिमटा पुन्हा बसतो.

म्हणजे क्लच हा एक भाग समजला जात असला तरी त्याची नाती तीन ठिकाणी जुळलेली आहेत. प्रेशर प्लेटचे नाते फ्लायव्हीलशी, म्हणजे इंजिनाशी. क्लच प्लेटच्या मधल्या दात्यांचे नाते गिअरबॉक्सशी. रिलीज बेअरिंगचे नाते गिअरबॉक्सच्या तोंडावरच्या नळीशी आणि तिथून केबल किंवा हायड्रॉलिक नळीतून पॅडलपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी. दुसऱ्या मॉडेलचा क्लच बसवताना ही तिन्ही नाती वेगवेगळी तपासावी लागतात. एक जुळले म्हणून उरलेली दोन जुळतीलच असे धरून चालणाऱ्याला गिअरबॉक्स दोनदा उतरवावा लागतो, आणि मग स्वस्तात मिळालेला भाग सर्वांत महाग पडतो.

इंजिन एकच असले तरी गिअरबॉक्समुळे गणित कसे बदलते, हे फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनावरून चांगले समजते. १२४८ सीसीचे हे इंजिन फियाटने पुंटो आणि लिनियात वापरले, टाटांनी व्हिस्टा आणि मांझात, आणि मारुतीने परवान्यावर स्वतः बनवून स्विफ्ट, डिझायर, रिट्झ यांत. ते इतके सर्वत्र दिसू लागले की मोटारींच्या मासिकांतून त्याला देशाचे राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हटले जाई. स्विफ्टचा क्लच प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळतो, त्यामुळे लिनिया डिझेलच्या मालकाच्या मनात तोच पहिल्यांदा येतो. पण प्रत्येक कंपनी अशा इंजिनाला आपल्या पसंतीचा गिअरबॉक्स जोडू शकते. शाफ्टचा व्यास आणि दात्यांची संख्या इंजिन ठरवत नाही, गिअरबॉक्स ठरवतो. टी-जेटचेही तसेच. हे इंजिन युरोपात अबार्थ ५०० मध्ये पाच गिअरच्या गिअरबॉक्ससह बसले, तर फियाट ब्रावोच्या १५० अश्वशक्तीच्या आवृत्तीत सहा गिअरच्या गिअरबॉक्ससह. इंजिनाचे नाव तेच आहे, म्हणून युरोपातल्या दुकानातून ब्रावोचा क्लच मागवणे म्हणजे निव्वळ अंदाजावर पैसे लावणे.

म्हणून क्लच प्लेटच्या बाबतीत पहिले मोजमाप मधल्या नळीचे. दाते किती, बाहेरचा व्यास किती, आतला किती, हे वर्निअर कॅलिपरने जुन्या प्लेटवर मोजता येते. दाते मोजताना एका दातावर खडूची खूण करून सुरुवात करावी, नाहीतर एखादा दात हमखास दोनदा मोजला जातो. नवी प्लेट शाफ्टवर हाताने सरकवून पाहिली की ती सहज सरकली पाहिजे आणि तिने डुगडुगू नये. याच टप्प्यावर नळीची लांबी आणि ती प्लेटच्या कोणत्या बाजूला किती बाहेर येते हेही पाहावे. नळी एका बाजूला जास्त बाहेर आलेली असेल तर ती फ्लायव्हीलच्या बोल्टांवर घासू शकते. अशी प्लेट बसते, गाडी सुरूही होते, आणि पॅडल दाबल्यावर क्लच पूर्ण सुटत नाही. मेकॅनिक मग हायड्रॉलिकमध्ये दोष शोधत बसतो आणि खरे कारण गिअरबॉक्स पुन्हा उतरल्यावरच दिसते.

इंजिनाच्या बाजूचे मोजमाप फ्लायव्हीलवर होते. प्रेशर प्लेटचे बोल्ट ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास, बोल्टांची संख्या आणि जाडी, आणि प्लेट नेमकी मधोमध बसवणाऱ्या लहान पिनांच्या जागा. या पिनांकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. पिना जुळत नसताना नुसत्या बोल्टांवर प्रेशर प्लेट बसवली तर ती केसभर मध्याबाहेर राहू शकते. साध्या गाडीला ते चालून जाईल, पण मिनिटाला साडेसहा-सात हजार फेऱ्यांना जाणाऱ्या इंजिनात त्याचे रूपांतर कंपनात होते आणि त्या कंपनाचा मार क्रँकशाफ्टच्या मागच्या बेअरिंगला बसतो. दुसरी बाब फ्लायव्हीलच्या आकाराची. काही फ्लायव्हील सपाट असतात, तर काहींमध्ये क्लच बसण्याची जागा कडेपेक्षा आत असते. सपाटाचे झाकण खोलगट फ्लायव्हीलवर बोल्टांनी बसले तरी चिमट्याचा जोर बदलतो. कधी स्प्रिंग पुरती दबत नाही, कधी गरजेपेक्षा जास्त दबते.

फ्लायव्हीलसकट सगळा संच बदलण्याचा मार्ग इथेच उपयोगी पडतो. जपानी माझदा कंपनीच्या मियाता या छोट्या स्पोर्ट्‌स कारचे उदाहरण जगभर प्रसिद्ध आहे. तिच्या सुरुवातीच्या १.६ लिटर गाड्यांत २०० मिलिमीटरचा क्लच होता, पुढच्या १.८ लिटर गाड्यांत २१५ मिलिमीटरचा. मोठा क्लच लहान फ्लायव्हीलवर बसत नाही. पण १.८ चे फ्लायव्हीलच १.६ च्या क्रँकवर बसते आणि गिअरबॉक्सचे दातेही जुळतात. त्यामुळे मालक फ्लायव्हील, प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट असा सगळा संच नंतरच्या गाडीचा घेतात. ही तडजोड म्हणता येणार नाही, कारण मूळच्यापेक्षा दणकट क्लच त्याच कंपनीच्या कपाटातून, कोणतेही छिद्र न पाडता बसतो. दुसऱ्या मॉडेलचा भाग वापरण्याचा याहून चांगला नमुना सापडणे अवघड.

तिसरे नाते रिलीज बेअरिंगचे. बेअरिंगच्या ज्या कड्याने डायफ्रॅमची बोटे दाबली जातात त्याचा व्यास बोटांच्या टोकांशी जुळला पाहिजे. प्लेट नवी असताना ती टोके फ्लायव्हीलपासून किती उंचीवर येतात, हे त्याहून महत्त्वाचे. नव्या संचात ही उंची जुन्यापेक्षा चार-पाच मिलिमीटरने वेगळी असली तर केबलच्या गाडीत ते केबलच्या नटावर सांभाळता येते. हायड्रॉलिक गाडीत मात्र सिलिंडरचा पल्ला ठरलेला असतो. तो अपुरा पडला तर क्लच सुटत नाही, जास्त झाला तर सिलिंडरचा पिस्टन सीलच्या बाहेर पडतो. काही गाड्यांत बेअरिंग आणि सिलिंडर एकत्रच, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती बसवलेले असतात. तिथे गळती झाली तर ब्रेक ऑइल थेट लायनिंगवर उडते आणि नवी प्लेट वाया जाते. ज्या गाड्यांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे असते, उदाहरणार्थ अवंती किंवा एलिस, त्यांत पॅडलपासून क्लचपर्यंत लांबलचक नळी मागे जाते. क्लच इंजिनाच्या कंपनीचा असला तरी ही नळी गाडी बनवणाऱ्याची असते आणि तिच्यासाठी कोणत्याही दुसऱ्या मॉडेलचा कॅटलॉग उपयोगी पडत नाही. अशा गाडीत क्लच जड लागू लागला, किंवा पॅडल अर्ध्यावर अडले, तर प्लेटला दोष देण्याआधी नळीतली हवा आणि जुने ऑइल काढून पाहणे शहाणपणाचे.

मापे जुळली की जोर जुळतो का हे पाहायचे. क्लच किती टॉर्क पेलतो याचा हिशेब सोपा आहे. चिमट्याचा जोर, लायनिंगचा घर्षणांक आणि लायनिंगची सरासरी त्रिज्या यांचा गुणाकार करायचा आणि प्लेटला दोन बाजू असल्याने त्याची दुप्पट करायची. २१५ मिलिमीटरच्या प्लेटची सरासरी त्रिज्या साधारण ९० मिलिमीटर येते. घर्षणांक ०.३ आणि चिमट्याचा जोर ५००० न्यूटन धरला तर उत्तर २७० न्यूटन-मीटर येते. अबार्थच्या २१२ न्यूटन-मीटरपेक्षा हे सव्वापटीहून थोडे जास्त आहे. एवढी राखीव क्षमता असावीच लागते, कारण प्लेट तापली की घर्षण घटते आणि झिजली की स्प्रिंगचा जोर बदलतो. हेच गणित २०० मिलिमीटरच्या प्लेटवर केले तर सरासरी त्रिज्या ८४ मिलिमीटरच्या आसपास येते आणि उत्तर फक्त वीसेक न्यूटन-मीटरने घसरते. म्हणजे व्यासातला लहानसा फरक पहिल्या दिवशी फारसा जाणवणार नाही. पण लहान प्लेटवर लायनिंगचे क्षेत्रफळ कमी असते, ती लवकर तापते आणि लवकर झिजते.

या हिशेबात अश्वशक्ती कुठेच येत नाही, आणि स्वस्त पर्याय शोधणाऱ्यासाठी हीच सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. क्लचला इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पेलायचा असतो. अश्वशक्ती म्हणजे हा जोर किती वेगाने दिला जातो त्याचे माप. लिनिया टी-जेटमध्ये तेच इंजिन ११४ अश्वशक्तीला बसवले होते, पण तिचा टॉर्क २०७ न्यूटन-मीटर होता, म्हणजे अबार्थपेक्षा केवळ पाचने कमी. अश्वशक्तीत तिसेकचा फरक आणि क्लचवरच्या भारात नगण्य फरक! त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी की ७५ अश्वशक्तीच्या जुन्या डिझेल स्विफ्टचा टॉर्क १९० न्यूटन-मीटर होता. बायकोमुलांना घेऊन बाजाराला जाणाऱ्या त्या शांत डिझेल गाडीचा क्लच जवळजवळ अबार्थच्या क्लचइतकाच जोर पेलत असतो. स्पोर्ट्‌स कार म्हणजे राक्षसी क्लच हा समज त्यामुळे टिकत नाही. टर्बो नसलेल्या, जास्त फेऱ्यांवर शक्ती देणाऱ्या स्पोर्ट्‌स इंजिनांना तर हे आणखी लागू पडते. एलिसचे इंजिन १९० अश्वशक्तीच्या आसपास देते, पण ते आठ हजारांजवळ फेऱ्या घेऊन. तिचा टॉर्क १८० न्यूटन-मीटरच्या आसपासच राहतो.

मग डिझेल गाडीचा क्लच सरळ उचलून स्पोर्ट्‌स कारला बसवावा का? जोराच्या बाजूने तो पुरेल, पण दोन अडथळे आहेत. पहिला अडथळा क्लच प्लेटच्या मध्यावर बसवलेल्या छोट्या स्प्रिंगांचा. इंजिनाचे धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत म्हणून त्या असतात आणि कोणत्या इंजिनाचे धक्के कसे येतात हे पाहून त्यांचा ताण ठरवलेला असतो. डिझेलसाठी ठरवलेल्या स्प्रिंगा पेट्रोल इंजिनावर बसवल्या तर गाडी उभी असताना गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येऊ शकते. हा आवाज त्रासदायक असतो, धोकादायक क्वचितच. दुसरा अडथळा मात्र जिवाशी खेळणारा आहे, आणि तो फेऱ्यांचा.

तो समजून घ्यायला शिरूर तालुक्यातले उसाचे ट्रॅक्टर चांगले उदाहरण ठरतात. हंगामात दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर चढताना हाफ क्लचवरच चालतो आणि प्लेट लवकर जळते. अशा प्लेटवरचे जुने लायनिंग काढून नवे रिव्हेटने ठोकून घेणे ही ग्रामीण महाराष्ट्रातल्या वर्कशॉपांतली रुळलेली रीत आहे. ती चुकीची नाही. ट्रॅक्टरचे इंजिन साधारण २२०० फेऱ्यांच्या आसपास चालते. २८० मिलिमीटरच्या प्लेटची कड या वेगाला सेकंदाला ३२ मीटर पळते आणि कडेवरच्या एक ग्रॅम लायनिंगला बाहेर खेचणारा जोर पाऊण किलो वजनाइतका असतो. रिव्हेट तो सहज धरून ठेवतात. आता २१५ मिलिमीटरची प्लेट ७००० फेऱ्यांवर नेऊन पाहावी. तिची कड सेकंदाला ७९ मीटर, म्हणजे ताशी २८० किलोमीटरहून जास्त वेगाने पळते. त्याच एका ग्रॅमवरचा जोर आता सहा किलोच्या जवळ जातो. प्लेट लहान असूनही ताण जवळपास आठपट. हाताने ठोकलेले, पोत आणि जाडी अनिश्चित असलेले लायनिंग इथे फुटू शकते, आणि फुटलेल्या प्लेटचे तुकडे गिअरबॉक्सचे ॲल्युमिनियमचे कवच फोडून बाहेर आल्याची उदाहरणे शर्यतींच्या जगात आहेत. चालकाचे पाय त्या कवचापासून फार दूर नसतात. यासाठीच जिल्ह्यातल्या कसबी हातांनी लायनिंग ठोकून दिलेली प्लेट ट्रॅक्टरला आणि ट्रकला घालावी, स्पोर्ट्‌स कारला घालू नये. डिझेल गाडीची प्लेट घ्यायची तर ती किती फेऱ्यांसाठी बनवली आहे हे निर्मात्याच्या माहितीपत्रकात पाहूनच घ्यावी. उत्तर मिळत नसेल तर त्याच दर्जाच्या पेट्रोल गाडीची प्लेट शोधावी.

शोध कुठे आणि कसा घ्यायचा? पुण्यात नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने दाटीने आहेत. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला भंगारात निघालेल्या गाड्यांचे भाग मिळतात. पण दुकानात जाण्याआधी जुना क्लच हातात असला पाहिजे, आणि तो धुऊन-पुसून त्यावरचे आकडे वाचता आले पाहिजेत. क्लच बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत: व्हॅलिओ, लुक, सॅक्स, एक्झेडी, आइसिन आणि आणखी काही. एक्झेडीचा भारतातला एक कारखाना महाराष्ट्रातच, छत्रपती संभाजीनगरला आहे. पूर्वी तिची भारतातली कंपनी सीके डाइकिन या नावाने ओळखली जात असे. गाडीच्या कंपनीचे नाव छापलेल्या महागड्या खोक्यातला क्लचही याच कंपन्यांपैकी एकीने बनवलेला असतो आणि तोच क्लच तिच्या स्वतःच्या खोक्यात बरेचदा कमी किमतीत मिळतो. त्यामुळे दुसऱ्या मॉडेलकडे वळण्याआधी मूळचाच क्लच दुसऱ्या खोक्यात मिळतो का, हे पाहावे. पुष्कळदा शोध इथेच संपतो.

आकडे वाचण्याची एक किल्ली लुकच्या क्रमांकांत आहे. त्यांच्या क्रमांकाचा पहिला आकडा भागाचा प्रकार सांगतो: १ म्हणजे प्रेशर प्लेट, ३ म्हणजे क्लच प्लेट, ६ म्हणजे पूर्ण संच. पुढचे दोन आकडे व्यास सेंटिमीटरमध्ये सांगतात. क्रमांक ६२२ ने सुरू झाला तर तो २२० मिलिमीटरचा संच, ६१९ ने सुरू झाला तर १९० मिलिमीटरचा. दुकानदाराने समोर ठेवलेले खोके उघडायच्या आधीच अर्धे उत्तर मिळते. उरलेल्या आकड्यांवरून निर्मात्याच्या कॅटलॉगमध्ये तोच संच आणखी कोणकोणत्या गाड्यांना बसतो याची यादी सापडते. ही यादी म्हणजेच दुसऱ्या मॉडेलच्या भागांचा खात्रीचा नकाशा, कारण ती मापे घेऊन केलेली असते. कुणाच्या गाडीला काय बसले ही ऐकीव माहिती तिच्यानंतर विचारात घ्यावी.

भंगारातला क्लच घ्यावा का? प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील पाहून घेता येतात, क्लच प्लेट घेऊ नये. प्रेशर प्लेटवर निळे डाग असतील तर ती तापलेली आहे आणि तिची स्प्रिंग थकलेली असू शकते. पृष्ठभागावर केसासारख्या भेगा दिसल्या तर ती परत ठेवावी. डायफ्रॅमच्या बोटांची टोके एका पातळीत आहेत का, हे सपाट पट्टी आडवी धरून दिसते. फ्लायव्हीलवर खोल चरे असतील तर ते लेथवर सपाट करून घेता येते. निर्माता किती जाडीपर्यंत कापू देतो ते पाहूनच हे काम करावे, आणि फ्लायव्हील खोलगट असेल तर दोन्ही पातळ्या सारख्याच कापाव्यात. बेअरिंग मात्र नेहमी नवे. त्याची किंमत संपूर्ण कामाच्या मानाने क्षुल्लक असते आणि ते बिघडले तर सगळे काम पुन्हा करावे लागते.

काही गाड्या या मार्गाला येतच नाहीत. दोन भागांचे, आत स्प्रिंगा असलेले ड्युअल-मास फ्लायव्हील ज्या गाडीत आहे, तिच्या क्लच प्लेटमध्ये बहुतेक वेळा धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा नसतात, कारण ते काम फ्लायव्हीलच करते. अशा गाडीला एकसंध फ्लायव्हील घालायचे असेल तर स्प्रिंगांची क्लच प्लेटही बरोबर बदलावी लागते, नाहीतर सगळे धक्के गिअरबॉक्सच्या दात्यांवर जातात. काही गाड्यांत झिजेप्रमाणे स्वतःची उंची सावरणाऱ्या प्रेशर प्लेटा असतात. त्या बसवायला खास हत्यार लागते आणि नुसते बोल्ट आवळून बसवल्या तर त्यांची यंत्रणा पहिल्याच दिवशी बिघडते. एकाच गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असलेल्या स्वयंचलित गाड्यांचे क्लच संगणकाला नव्याने ओळख करून द्यावे लागतात. तिथे दुसऱ्या मॉडेलचा प्रयोग करू नये.

गिअरबॉक्स उतरवणे हा या कामातला सर्वांत मोठा खर्च. समोर आडवे इंजिन बसवलेल्या गाडीत ड्राइव्ह शाफ्ट, सबफ्रेमचे बोल्ट, इंजिनाची माउंटिंगे असे पुष्कळ काही सोडवावे लागते आणि चांगल्या मेकॅनिकचाही दिवस त्यात जातो. म्हणून गिअरबॉक्स खाली असतानाच क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील, गिअरबॉक्सचे इनपुट सील आणि रिलीज बेअरिंग सरकवणाऱ्या फोर्कच्या टेकणीची झीज पाहून घ्यावी. सील स्वस्त असू शकते, पण ते गळून लायनिंग तेलकट झाले तर सगळे काम वाया जाते.

जुना क्लच उघडताना काळजी हवी ती धुळीची. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. काँप्रेसरच्या हवेने ती धूळ उडवणे ही गॅरेजांतली सर्रास सवय आहे आणि ती घातक आहे, कारण ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसांत शिरले तर अनेक वर्षांनी असाध्य रोग होऊ शकतात. गॅरेजमध्ये हाताखाली काम करणारी पोरे बहुधा याच धुळीशेजारी वाकलेली असतात. ओल्या फडक्याने पुसणे किंवा पाणी शिंपडून धूळ बसवणे याला काहीच खर्च येत नाही.

बसवताना क्लच प्लेट शाफ्टच्या आकाराच्या दांडीवर मधोमध धरतात, मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडेथोडे आवळतात. एका बाजूचा बोल्ट आधी पूर्ण आवळला तर झाकण वाकते. प्लेटच्या एका बाजूला ती बाजू कुणाकडची याची खूण बरेचदा असते, ती उलटी बसू नये. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावावे, पण चिमूटभरच. जास्त लावलेले ग्रीस फिरताना उडून लायनिंगवर जाते. दुसऱ्या मॉडेलचा संच बसवताना एक पायरी जास्त करावी: गिअरबॉक्स बोल्टांनी बसल्यावर, ड्राइव्ह शाफ्ट जोडण्याआधी, सोबत्याने पॅडल दाबावे आणि गाडी गिअरमध्ये असताना आउटपुटची एक बाजू धरून दुसरी हाताने फिरते का पाहावे. फिरली तर क्लच सुटतो आहे. फिरली नाही तर चूक इथेच सापडली आणि अजून फारसे काही पुन्हा खोलावे लागणार नाही.

गाडी रस्त्यावर आल्यावर दोन गोष्टी तपासायच्या. पॅडल दाबून चार-पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाकावा. कर्कश आवाज आला तर क्लच पुरता सुटत नाही. मग मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. वेग न वाढता फेऱ्याच चढल्या तर क्लच घसरतो आहे. नवे लायनिंग फ्लायव्हीलशी पुरते बसायला काहीशे किलोमीटर लागतात. तेवढ्या काळात पूर्ण जोर लावू नये आणि चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नये. आरसी बुकात इंजिन, रंग, आसने अशा गोष्टी नोंदलेल्या असतात. क्लच त्यात नसतो, त्यामुळे समान दर्जाचा संच बसवण्यासाठी परिवहन कार्यालयाची परवानगी लागत नाही. पण कोणता संच, कोणत्या क्रमांकाचा, कोणत्या मॉडेलचा बसवला हे गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवावे, कारण पुढचा मेकॅनिक गाडीच्या नावानेच क्लच मागवील आणि तो बसणार नाही.